निरोपाची वही

पहाटे ४:५०

सानगडी, भंडारा जिल्हा. रात्रभर पाऊस पडून गेला आहे. भाऊ प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन बांधीच्या धुऱ्यावर उभे आहेत. हातात फावडे. बांधीत पाणी जास्त झाले की नुकते रोवलेले रोप तरंगते. ते दोन ठिकाणी धुरा फोडतात, पाणी खालच्या बांधीत सोडतात, पायाने चिखल दाबतात. दोन एकर धान. आज रोवणी आहे. आठ बाया येणार, ३०० रुपये रोजी. चिखलणीचा ट्रॅक्टर कालच येऊन गेला. आज घरचा माणूस बांधीवर हवा, पण भाऊंची आज भंडाऱ्याची पाळी आहे. म्हणून त्यांनी पुतण्याला ४०० रुपये रोजीवर ठेवले आहे. मी दिवसभर भाऊंच्या सोबत आहे.

भाऊ विधी स्वयंसेवक आहेत. वकील नाहीत. बारावी शिकलेले, पन्नाशीचे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गावोगावची अशी माणसे निवडते, थोडे प्रशिक्षण देते, ओळखपत्र देते. पगार नाही. ज्या दिवशी काम लावले त्या दिवसाचे मानधन, ५०० रुपये. त्यांना लागलेले काम म्हणजे भंडारा जिल्हा कारागृहातला विधी साहाय्य कक्ष. टेबल, दोन खुर्च्या आणि बंदी.

सकाळी ६:१०

तलावाकडच्या आळीत एक घर. म्हातारी ओसरीवर बसून लुगड्याचा काष्टा घट्ट करते आहे. तिलाही रोवणीला जायचे आहे, दुसऱ्याच्या बांधीत. तिचा मुलगा चार महिन्यांपासून भंडाऱ्यात कच्चा कैदी आहे. भांडणाची केस.

भाऊ वही काढतात. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तारीख टाकतात. "सांगा मावशी."

"गाय व्याली म्हणून सांगजा. गोऱ्हा झाला. रोवणी आटपत आली म्हणजा. आन् मी बरी हावो म्हणजा."

भाऊ शब्द बदलत नाहीत. 'गोऱ्हा झाला' असेच लिहितात.

"बरी आहे म्हणता. काल तर पोटदुखीनं झोप नव्हती."

"ते नोको सांगू बाप्पा."

"सांगत नाही. पण त्यानं विचारलं तर खोटं बोलणार नाही."

म्हातारी गप्प बसते. मग म्हणते, "दवाखान्यात जाऊन आली म्हण." भाऊ विचारतात, "जाणार का?" "सोमवारी जातो." ते लिहितात : सोमवारी दवाखान्यात जाणार.

या एका गोष्टीवर भाऊ अडून असतात. घरच्यांनी लपवलेली गोष्ट आत कळतेच. कोणी नवा बंदी येतो, गावचा निघतो, आणि बराकीत सगळ्यांसमोर बोलून जातो. तशी कळलेली गोष्ट माणसाला मोडते. आजारपण असो, मरण असो, बायको माहेरी गेलेली असो, ते नीट बसवून, ओळखीच्या माणसाने सांगावे. शक्य तर सकाळी. पुढे दिवस असतो, माणसे जागी असतात.

ती स्वतः का जात नाही, हे विचारायची गरज नाही. बायांना एसटीत अर्धे तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून. तरी दोन गाड्या, जाणे-येणे मिळून शंभर रुपये. त्यात बुडालेली रोजी ३००. म्हणजे एका मुलाखतीचा दिवस चारशेचा. रोवणीचे दिवस तर मोजून तीन-चार आठवडे. त्या पैशांवर दिवाळीपर्यंतचे किराणा-मीठ चालते.

भाऊ तिच्या आधार कार्डाचा फोटो घेतात. कारागृहात आता स्मार्ट कार्डाचे फोन आले आहेत, २०२३ मध्ये पुण्याच्या येरवड्यापासून सुरुवात झाली. पण कोणता नंबर लावायचा ते आधी लिहून द्यावे लागते, त्याची पडताळणी होते. म्हातारीकडे फोन नाही. नंबर भाच्याचा. भाच्याची सही हवी. ती भाऊंनी कालच रात्री घेतली आहे.

सकाळी ७:००

साकोलीची गाडी. पंधराएक किलोमीटर. दोन्ही बाजूंना बांध्या, त्यांत वाकलेल्या बाया. भाऊंना पूर्ण तिकीट. भंडाऱ्यापर्यंत एका बाजूचे शंभराच्या आसपास.

पिशवी मांडीवर. त्यात निरोपाची वही, वकीलपत्राचे कोरे अर्ज, जामिनाच्या अर्जाचे नमुने, शाईचा पॅड, दोन पेन आणि जवळच्या नंबरचे तीन चष्मे. चष्मे का? "आत पुष्कळांना दिसत नाही. कागद वाचून दाखवला तरी स्वतः पाहावासा वाटते." साकोलीच्या बाजारातून घेतले, ऐंशी रुपयाला एक. त्याचे बिल लावता येत नाही.

सकाळी ८:०५

साकोली बसस्थानक. झेरॉक्स चार पाने, आठ रुपये. चहा दहा. आतल्या एका बंदीचा मोठा भाऊ इथे भेटायचा होता. तो आला नाही. भाऊ फोन लावतात. उचलत नाही. पुन्हा लावतात. तिसऱ्यांदा बायको उचलते. "ते गेले जी कामावर." भाऊ रागावत नाहीत. "त्यांचा निरोप काय ते तरी सांगा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणते, "पोरगी पास झाली म्हणून सांगा." वहीत नोंद होते : पोरगी पास.

सकाळी ९:५५

भंडारा. महामार्गाने लाखनीवरून चाळीसएक किलोमीटर. न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात हजेरीची सही. पॅनेलवरच्या वकील बाई आधीच आल्या आहेत. दोघे मिळून आजची यादी करतात. काल-परवा कोण नवे दाखल झाले. काल कोणाचा जामीन फेटाळला. कोणाची शिक्षा लागली. कोणाला महिनाभरात भेटायला कोणी आले नाही. भाऊ या चार प्रकारच्या नावांपुढे लाल टिंब देतात. कोणी नियम करून दिलेला नाही. इतक्या वर्षांत त्यांना कळले आहे की माणूस खचतो तो बहुधा याच वेळांना : पहिले आठ-दहा दिवस, कोर्टातून परतल्यावरची संध्याकाळ, आणि घरून काहीच येईनासे झाले की. जागतिक आरोग्य संघटनेने तुरुंगांसाठी २००७ साली काढलेल्या मार्गदर्शनातही पहिले दिवस आणि कोर्टाच्या तारखेच्या आसपासचे दिवस धोक्याचे म्हणून दिले आहेत.

आज लाल टिंबे पाच.

सकाळी १०:४०

कारागृहाचे मोठे दार, त्यातली छोटी दिंडी. झडती. भाऊ मोबाइल माझ्या हातात देतात. पिशवीतली प्रत्येक वस्तू बाहेर येते. चष्म्यांवर चर्चा होते. काच. शिपाई साहेबांना विचारून येतो. प्लास्टिकच्या भिंगांचे आहेत म्हटल्यावर दोन आत जातात, एक दारावर राहतो.

मला आत परवानगी नाही. मी मुलाखतीला आलेल्यांबरोबर बाहेर थांबतो.

सकाळी ११:१५

दाराबाहेर वीस-पंचवीस माणसे. बहुतेक बाया. गोंदियाकडचीही आहेत, तिकडचे बंदी इथेच असतात. एकीने दोन टी-शर्ट आणले आहेत, एकीने बिस्किटांचे पुडे. पुडे परत मिळतात. आत कॅन्टीन आहे, त्याच्या खात्यावर पैसे भरा, असे शिपाई सांगतो. ती पदराची गाठ सोडते. दोनशे रुपये. मग पुन्हा मोजून शंभर परत गाठीत बांधते.

बाहेर उभे राहिले की आकडे वेगळे वाचले जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली चार लाख चौतीस हजार कच्ची, म्हणजे खटला संपलेला नाही अशी. शंभरात शहाण्णव पुरुष. त्या वर्षी अनैसर्गिक म्हणून नोंदले गेलेले मृत्यू १५९, त्यांतल्या ११९ जणांनी आपला जीव घेतला. आत एकमेकांना मारून मेलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. तरी तुरुंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टोळीची मारामारीच येते. रात्री तीन वाजता भिंतीकडे तोंड करून जागा पडलेला माणूस येत नाही.

बिस्किटवाली बाई मला विचारते, "तुमचं कोण हाये?" कोणी नाही म्हटल्यावर तिला नवल वाटते.

दुपारी १२:१०

भाऊ बाहेर. दुपारी बराकी बंद होतात, तेवढा वेळ काम थांबते. आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसतो. नावे ते सांगत नाहीत. गावेही नाहीत. बाकीचे सांगतात.

पहिला पोरगा. वय बावीस. परवा दाखल झाला. खुर्चीवर बसला तर हात थरथरत होते. भाऊंनी नेहमीचे प्रश्न विचारले. जेवलास का? झोप लागते का? घरी कळवले का? दारू घेत होतास का, शेवटची कधी? "रोज मोहाची. चार दिवस झाले." घाम फुटलेला. मग म्हणाला, भिंतीवर मुंग्या चालून राहिल्या. भिंतीवर काही नव्हते.

भाऊ तिथेच उठले आणि शिपायाला म्हणाले, याला आता डॉक्टरकडे न्या. दुपारी नाही, आता. रोजची दारू एकदम तुटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असे होते. माणूस घाबरून स्वतःला काहीही करून घेतो, किंवा झटका येऊन जातो. लोक म्हणतात, नाटक करतो. पोराला कारागृहाच्या डॉक्टरांनी पाहिले आणि जिल्हा रुग्णालयात पाठवले. केसबद्दल एक शब्द झाला नाही. त्याच्या नावापुढचे टिंब भाऊंनी तसेच ठेवले आहे.

दुसरा माणूस चाळिशीचा. काल जामीन फेटाळला. आला, बसला, म्हणाला, "मले काही नाही पाहिजे." भाऊ म्हणाले, ठीक आहे, बसा. थोडा वेळ दोघे बसून राहिले. मग भाऊंनी सरळ विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येऊन राहिलं का?"

हा प्रश्न तोंडातून काढायला त्यांना पूर्वी भीती वाटायची. विचारले तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखे होईल. प्रशिक्षणात डॉक्टरांनी ती भीती काढली. विचारल्याने विचार येत नाही. तो असलाच तर बाहेर पडायला वाट मिळते. आणि आडवळणाने विचारले तर माणूस आडवळणानेच उत्तर देतो.

त्या माणसाने मान हलवली. हो.

भाऊ "असं बोलू नये" म्हणाले नाहीत. लेकराबाळांची शपथ घातली नाही. कधीपासून, ते विचारले. आजही का, ते विचारले. मग म्हणाले, "हे मी साहेबांना आणि डॉक्टरांना सांगणार आहे. तुमच्यापासून लपवून नाही सांगत, तुमच्यासमोर सांगतो." माणूस भडकला. "मंग तुम्हाले सांगून काय फायदा? मले एकट्याच्या खोलीत टाकतीन." भाऊंनी ते ऐकले, आणि साहेबांकडे गेल्यावर पहिले तेच मांडले : याला एकटे ठेवू नका. एकटा ठेवला की नजर ठेवायला सोपे वाटते, पण त्या माणसासाठी त्याच्याइतके वाईट काही नाही. साहेबांनी त्याला त्याच्याच तालुक्यातल्या दोघांच्या शेजारी जागा दिली. रात्रपाळीच्या शिपायाच्या वहीत नाव चढले. मनोविकारतज्ज्ञांना कळवले.

मग भाऊंनी त्याला पुढची पायरी दाखवली. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, तिथे अर्ज करता येतो. तिथल्या विधी सेवा उपसमितीकडून वकील फुकट मिळतो. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. "काही नाही पाहिजे" म्हणणाऱ्याने विचारले, "किती दिवस लागतीन?" भाऊंनी तारीख दिली नाही. पुढच्या मंगळवारी येऊन अर्ज दाखल झाला की नाही ते सांगतो, इतकेच म्हणाले. पुढचा मंगळवार ही पण तारीखच झाली.

तिसऱ्याच्या हातावर जखमा. जुन्या, एक ताजी, पिकलेली. बाही खाली ओढून बसला होता. डॉक्टरला दाखवले तर आणखी एक केस लागते, असे त्याला बराकीत कोणीतरी सांगितलेले. भाऊंचा आवाज इथे थोडा चढतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ११५ वे कलम सांगते की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध झाले नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत राहिलेलेच नाही. सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी कोणी तसे केले तर त्याचे २२६ कलम वेगळे आहे, तेही भाऊ लपवत नाहीत. "तू कोणाले धमकी द्यायले केलं का?" "नाही जी. डोकं फुटून राहिलं होतं." मग जा, पट्टी करून घे. तो गेला. पिकलेली जखम दोन आठवडे झाकून ठेवली होती, एका खोट्या ऐकीव गोष्टीपायी.

"आणि म्हातारीचा निरोप?"

"सांगितला. गोऱ्हा झाला म्हटलं तर हसला. रंग कोणता, विचारत होता. ते मी विचारलंच नव्हतं." भाऊ फोन लावतात. पुतण्या बांधीवर आहे, शेजारच्या धुऱ्यावर म्हातारीला हाक मारतो. उत्तर येते. भाऊ वहीत लिहितात : तांबडा, कपाळावर पांढरा.

दुपारी १:३०

झुणका-भाकर, साठ रुपये. पुन्हा प्राधिकरणाचे कार्यालय. आता कागद.

एका माणसाला जामीन मंजूर होऊन पाच आठवडे झाले. तरी आतच. १५,००० रुपयांचा जामीनदार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवले आहे : जामिनाचा आदेश कारागृहाकडे ई-मेलने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी गेला पाहिजे, आणि महिनाभरात हमी भरता आली नाही तर न्यायालय अट सैल करण्याचा विचार करू शकते. वकील बाई तसा अर्ज टंकलिहितात. केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजनाही आहे, २०२३ ची, सुरुवातीच्या नियमांत कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत. तिची फाइल समितीकडून फिरून येते, तिला वेळ लागतो. दोन्ही वाटा लावून ठेवायच्या. जी आधी उघडेल ती.

भाऊंना या माणसाची जास्त काळजी आहे. तो रडत नाही, भांडत नाही, काही मागत नाही. जामीन झाला, तरी न्यायला कोणी आले नाही, हे त्याला कळले आहे. माझ्या मते आजच्या यादीत सर्वांत मोठे लाल टिंब त्याच्यापुढे हवे, आणि ते पुसायला लागतो तो औषधोपचार नव्हे, जामीनदाराच्या जमिनीचा उतारा.

दुपारी ३:१५

पुन्हा आत. यावेळी सोबत एक पक्का कैदी काम करतो. तो अर्ज लिहून देतो, नव्या माणसाला पाणी कुठे, संडास कुठे, फोनचा नंबर कसा लावायचा ते सांगतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने जून २०२३ मध्ये राज्यांना जे कळवले त्यात हेही होते : दाखल होतानाच मनाची तपासणी करा, कर्मचाऱ्यांना शिकवा, रिकाम्या जागा भरा, आणि बंद्यांमधूनच सोबती तयार करा. इंग्लंड-वेल्समध्ये स्वॉन्सीच्या तुरुंगात १९९१ पासून बंदीच बंद्यांचे ऐकून घेतात, एका सेवाभावी संस्थेने शिकवून तयार केलेले. रात्री बराकीला कुलूप लागते तेव्हा भाऊ सानगडीत असतात, वकील बाई घरी असतात, डॉक्टर घरी असतात. शिपाई एक, फेऱ्या घालणारा. शेजारच्या चटईवरचा माणूसच तेवढा जवळ असतो.

शिक्षा झालेल्याला कामाची मजुरी मिळते. २०२३ च्या ऑगस्टपासून अकुशलाला दिवसाला ५३ रुपये, अर्धकुशलाला ६७, कुशलाला ७४. भाऊंच्या या सोबत्याला शेजाऱ्याचे ऐकून घेण्याची मजुरी वेगळी नाही. त्याने आज सांगितले : चार नंबरच्या चटईवरचा दोन दिवस जेवण दुसऱ्याला देतो, आणि काल आपला चांगला शर्ट वाटून टाकला. भाऊंनी ते लगेच साहेबांच्या कानावर घातले. चार नंबरवाला यादीत नव्हता. आता आहे. टिंबे सहा.

सायंकाळी ४:५०

चष्मा दारावरून परत. मानधनाचा कागद भरायचा : किती बंद्यांना भेटले, किती अर्ज, किती वेळ. बसल्याचा, गप्प राहिल्याचा रकाना नाही. भाऊ लिहितात : भेटी ११, अर्ज ४. सही. पैसे महिन्या-दोन महिन्यांनी खात्यात येतील.

सायंकाळी ५:२०

साकोलीची गाडी उभ्याने. पाऊस. लाखनीला जागा मिळते. भाऊ डोळे मिटतात, झोपत नाहीत. फोन वाजतो. कारागृहातून, शिपाई. पोराला रुग्णालयात ठेवून घेतले आहे, सलाइन चालू, शांत आहे. "बरं झालं सांगितलं," भाऊ म्हणतात. त्या शिपायाने हे कळवावे असे कुठे लिहिलेले नाही. त्याने आपल्या फोनवरून, आपल्या वेळात कळवले. अशी माणसे खात्यात आहेत, आणि त्यांना धरूनच हे काम चालते.

रात्री ८:१०

सानगडी. रोवणी पाऊण झाली, उरलेली उद्या. बायांचे २,४०० बायकोने दिले. पुतण्याचे ४०० भाऊ खिशातून काढतात. हात-पाय धुऊन भात, वरण, तुरीच्या डाळीत घातलेली भाजी.

रात्री ८:४५

वही उघडी. जामीन होऊन पाच आठवडे झालेल्याचा साळा जवळच्याच गावात राहतो. एक एकर त्याच्या नावावर आहे. भाऊ फोन लावतात.

"पळून गेला तर माही जमीन जाईन का जी?"

"जमीन एकदम जात नाही. पंधरा हजाराची हमी आहे. तो तारखेवर हजर नाही झाला तर कोर्ट तुम्हाला बोलावते, पैसे भरायला लावू शकते. हे मी आताच सांगून ठेवतो."

"मंग मी काऊन फसू?"

"कारण तुमच्याशिवाय त्याचं कोणी नाही. आणि तो पळणारा नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. तारखेच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्याला आठवण देईन."

पलीकडे तो बायकोशी बोलतो. आवाज दबका, बराच वेळ. भाऊ थांबतात. फोन कानाला धरून एका हाताने ताट बाजूला सारतात.

"सातबारा कोठी मिळते आता?"

"ऑनलाइन. पंधरा रुपये लागतात. मी काढून ठेवतो. तुम्ही आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन या. उद्या दहाच्या आत साकोलीला पोहोचा, म्हणजे दुपारी कोर्टात उभे राहता येईल."

"उद्या रोवणी हाये."

"माझ्याही बांधीत आहे. दोघं सोबतच जाऊ."

"बरं. येतो."

भाऊ गट नंबर विचारून घेतात आणि वहीत लिहितात.